गिरजाची पात

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते, खरं सांगू का, हसण्यासाठी. राग मानू नका. पिंपळ, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... मी नवऱ्याला वाचून दाखवते आणि आम्ही दोघं जेवता जेवता हसतो. आमच्या घरात असलं काही चालतच नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच उतारे, नवस, अंगात येणं, सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. त्यात माझा धंदा मोबाइल रिपेअरिंगचा. "मॅडम, फोन आपोआप लागते, कोणीतरी काहीतरी करून ठेवलं" म्हणत येणारे आठवड्यातून दोघं-चौघं तरी असतात. उघडला की आत मुंगी निघते, नाहीतर वाळलेलं वरण.

तर अशी मी बाई. नवरा म्हणतो लिहू नको, लोक दुकानात येऊन विचारत बसतील. विचारू द्या!

आमचं घर बाभुळगावात. पुढे दुकान, मागे खोल्या, आणि मधल्या खोलीत खिडकीशी आत्याबाईंची खाट. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना वय विचारलं की सांगतात, "लय मोठा पूर आलता, तवा मी डोक्यावर हंडा घेत होती." पुढचा हिशेब आपण लावायचा. गावाकडे आमचं थोडं वावर आहे. तिथे आणि लोकांच्या वावरात मिळून त्यांचा सगळा जन्म निंदण्यात गेला. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, निंदणं म्हणजे खुरपं घेऊन उकिडवं बसायचं आणि कपाशीतलं, तुरीतलं तण काढत काढत सरकायचं. सकाळी बसलं की दिवस कलेपर्यंत.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर त्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, आतमध्ये बॉल बसवला. डॉक्टर म्हणाले, फर्स्ट क्लास झालं, आता वॉकर धरून उभं करा. आणि तिथेच गाडी अडली. आत्याबाई उभ्याच राहीनात!

"मी पडीन," एवढं एकच.

"अहो आत्याबाई, आम्ही दोघं धरतो ना."

"तुमी धरान, पण पाय तर माहा हाय ना? मी पडीन."

फिजिओच्या मॅडम यायच्या तर आत्याबाई खाटेचा पाईप असा घट्ट पकडायच्या की बोटं सोडवता सोडवता मॅडमना घाम फुटायचा. मी समजावलं, विनवलं, ओरडलेसुद्धा. माझा स्वभाव तापट आहे, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. पण त्या चिडल्यासुद्धा नाहीत. त्याचीच मला भीती वाटली. एरवी एक शब्द बोललं तर दहा ऐकवणारी बाई. आता नुसतं भिंतीकडे तोंड. जेवण दोन घास. पाठ लाल व्हायला लागली.

दिवाळीनंतर दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "बॉल नीट बसला आहे. आता प्रश्न हाडाचा नाही. एवढ्यात उभ्या राहिल्या तर राहिल्या. नाही तर पायातली ताकद जाईल, पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल... समजून घ्या." समजलं. 

आता त्या गेमचं सांगते.

मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी कोरोनात एक टॅब घेतला होता. मुलगी आता अमरावतीला होस्टेलवर. टॅब माझ्याकडे. त्यात मी एक बागेचा गेम टाकला होता. गिऱ्हाइकांनी डोकं उठवलं की मी तो उघडते. काही नाही हो त्यात. मंद गाणं चालू असतं, एक बाग असते, आणि बागेत तण. तणावर बोट ठेवायचं, वर ओढायचं, 'पुक्' असा गोड आवाज येतो आणि ते मुळासकट निघून गायब. टाइम संपत नाही, कोणी मरत नाही, हरणं नाही, जिंकणं नाही. माझ्यासारखीला बीपीच्या गोळीपेक्षा बरा.

एका दुपारी आत्याबाईंच्या खाटेपाशी बसून मी खेळत होते. पुक्... पुक्... पुक्. भिंतीकडचं तोंड वळलं.

"काय उपटून राह्यली व?"

किती दिवसांनी स्वतःहून बोलल्या! मी टॅब पुढे केला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "असं निंदतेत का? हितलं एक, तितलं एक? कोंबडी दाने टिपते तशी करून राह्यली."

"गेम आहे आत्याबाई. कुठूनही काढलं तरी चालतं."

"चालते कसं? मांगं काय राह्यलं ते कसं कयन तुले? आन इकडं."

झालं. टॅब गेला तो गेलाच. मी पाठीमागे उशा लावून दिल्या आणि त्या बसल्या. हो, बसल्या! फिजिओच्या मॅडमना महिन्याभरात जे जमलं नव्हतं ते एका तणाने केलं. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडून घेतलं आणि मग चहा टाकला.

गेममध्ये एक मोठा तुकडा होता, 'जुनी बाग' नावाचा. सगळीकडे तण माजलेलं. ती एकदा साफ केली की केली, पुन्हा उगवत नाही, नंतर तिथे फुलं लावता येतात. कंटाळा म्हणून मी तिला हातच लावला नव्हता. आत्याबाईंनी नेमकी तीच उघडायला लावली. बोटं ताठरलेली, एक तण तीनदा ओढावं तेव्हा निघायचं. पण खालच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, सरळ रेषेत सुरुवात केली आणि तशाच वर वर जायला लागल्या. तेही फक्त डाव्या अर्ध्यात. उजव्या अर्ध्याला शिवत नव्हत्या.

"ह्या बाजूचं नाही का काढायचं?" मी विचारलं.

"ते गिरजाची पात हाय."

पात म्हणजे निंदताना प्रत्येक बाईने आपल्या वाट्याला धरलेला वावराचा पट्टा. आणि गिरजा म्हणजे आत्याबाईंची जोडीदारीण. एकाच मोहल्ल्यातल्या, जन्मभर दोघींच्या पाती शेजारी शेजारी. मुकादम कोणी असो, वावर कोणाचं असो, या दोघींच्या मध्ये तिसरी बाई बसली नाही. नवरा वारल्यावर गिरजाबाई लेकीकडे, शोभाकडे, फुलसावंगीला गेल्या, आणि मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आत्याबाईंना भेटायला जायचं होतं, तेवढ्यात स्वतःच पडल्या.

"आत्याबाई, गिरजाबाई फुलसावंगीला आहेत. हा तर गेम आहे. तुम्हीच काढा ना सगळं."

"आपली झाल्याबिगर दुसरीच्या पातीत हात नाई घालत," म्हणाल्या, आणि विषय संपला. मीही सोडून दिलं. अर्धी बाग तर अर्धी, बसत्या झाल्या हे काय कमी!

दोन-तीन दिवस गेले असतील. सकाळी चार्जिंगवरून टॅब काढून त्यांना देताना मी गेम उघडला, तर उजव्या अर्ध्यात धुऱ्याकडचा भाग साफ झालेला. मी म्हटलं, चला, अखेर मनावर घेतलं.

"मी नाई केलं," आत्याबाई म्हणाल्या. मग टॅब नाकाजवळ नेऊन पाहिला आणि त्यांचा चेहरा... कसं सांगू... माहेरचं माणूस दारात दिसल्यावर होतो तसा झाला. "अवं माय! गिरजा आली निंदाले."

मी हसले. "नवऱ्याने केलं असेल," म्हटलं. नवरा जिनिंगमध्ये हिशेबाला असतो. कापसाचा सीझन, त्याला धड जेवायला फुरसत नव्हती. तो म्हणाला, मला तो गेम उघडतासुद्धा येत नाही. ते खरं आहे.

"पाह्य ना," आत्याबाई बोट ठेवून दाखवायला लागल्या, "घोळ ठेवली हाय तिनं. सारं काढते, घोळ नाई काढत. घरी जाताना भाजीले नेते पदराच्या वट्यात."

मी मोठं करून पाहिलं. साफ झालेल्या पट्ट्यात मधे मधे एक बुटकं तण तसंच उभं होतं. जाड पानांचं, लालसर देठाचं. गेम कुठल्या परदेशी लोकांनी बनवलेला, त्यांना घोळीची भाजी काय माहीत? पण दिसत होती घोळच.

आता मी माझ्या लाइनीवर आले. रिपेअरिंगमध्ये एक दोष असतो, स्क्रीनला आपोआप टच लागतो, आम्ही त्याला 'घोस्ट टच' म्हणतो. नाव ऐकून इथले लोक खूश होतील, पण तो चार्जरचा, ओलाव्याचा नाहीतर पॅनलचा प्रॉब्लेम असतो. आणि तो कुठेही लागतो, रांगेत लागत नाही. घोळ सोडून तर मुळीच लागत नाही! तरी मी टॅब उघडला. पॅनल तपासला, कनेक्टर साफ केला, टच टेस्ट लावली. ठणठणीत. सिम नव्हतंच. वायफाय मी बंद केलं. गेम कुठल्या खात्याशी जोडलेला नव्हता, म्हणजे दुसऱ्या मोबाइलवरून कोणी खेळावं तेही शक्य नाही. संध्याकाळी टॅब स्विच ऑफ करून दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

सकाळी उघडला तर उजवी पात आणखी पुढे गेलेली. घोळ जागच्या जागी.

घाबरले का? नाही. चिडले! माझ्या हातातलं मशीन आणि मला कळत नाही म्हणजे काय? आत्याबाई मात्र मजेत. पोटभर जेवायला लागल्या. "हात उचलला पाह्यजे, गिरजा पुढं चालली," असं स्वतःशी बोलत दिवसभर पुक् पुक्. पण उभं राहायचं नाव काढलं की पुन्हा, "मी पडीन." पाठ अजून लालच. डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

शेवटी मी शोभाला फोन लावला. गिरजाबाईंची चौकशी करायला म्हणून.

"काय सांगू वयनी," शोभा म्हणाली, "एवढे दिवस लाकडासारखी पडून होती. आता डावा हात चालू झाला, पण काय करून राह्यली मालूम? गोधडीचे टाके उपटते! एका बाजूनं धरलं न उपटत चालली. मी हात धरला तर ढकलून देते. पार उसवून टाकली माही गोधडी."

"कधीपासून?"

तिने सांगितलं. आमच्याकडे धुऱ्याकडचा भाग साफ झाला, तेव्हापासून.

मी शोभाला काहीच बोलले नाही. काय बोलणार? "तुझी माय आमच्या टॅबमध्ये निंदायला येते"? आत्याबाईंना मात्र सांगितलं. त्यांना नवल वाटलंच नाही. उलट मलाच म्हणाल्या, "सांगत होती ना मी."

रविवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. मी जेवण आटोपून आत्याबाईंपाशी बसले. उजवी पात वरच्या धुऱ्यापर्यंत पूर्ण झालेली होती. आत्याबाईंची डावी अजून अर्ध्यातच.

"झाली तिची," मी म्हटलं. "आता नाही यायच्या."

"येईन. आता वरतून येईन माह्या पातीत."

ही त्यांच्यातली रीत. जिची पात आधी होते ती धुऱ्यावर बसून राहत नाही. मागे पडलेलीच्या पातीत समोरच्या टोकाकडून बसते, आणि दोघी दोन बाजूंनी काढत काढत एकमेकींकडे येतात. गिरजाबाईंचा हात चपळ, आत्याबाई मुळातच मंद. जन्मभर हे असंच चाललं म्हणे.

आणि पुक् झालं.

आत्याबाईंचं बोट हवेत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वरच्या टोकाचं एक तण उपटलं गेलं. थांबून पुन्हा पुक्. शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. मध्ये एक घोळीचं रोप आलं ते सोडून त्याच्या पुढचं.

 मी फोन उचलला आणि शोभाला व्हिडिओ कॉल लावला. "काही विचारू नको," म्हटलं, "फोन तुझ्या मायच्या हातावर धर." शोभाने धरला. उन्हात टाकलेली खाट, अर्धी उसवलेली गोधडी, आणि तिच्यावर तो वाळका डावा हात. चिमूट धरली, ओढली. इकडे पुक्. चिमूट धरली, ओढली. इकडे पुक्. एकदा हात थबकला, एक टाका सोडून पुढे गेला. टॅबवर घोळ राहिली होती.

"काय चालू हाय वयनी?" शोभा विचारत होती. 

आत्याबाईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खालून काढत होत्या. पहिल्यांदाच त्यांचं बोट भरभर चालत होतं. कपाळावर घाम. "आली व आली, दम धर," असं पुटपुटत होत्या. दोन्ही साफ जागा एकमेकींजवळ सरकत गेल्या. मध्ये थोडी रांग उरली. मग फक्त एक तण. वरून येणारा आवाज थांबला. तिकडे गोधडीवरचा हातही थांबला, चिमूट उघडीच.

"माह्यासाठी ठेवलं पाह्य शेवटचं," आत्याबाई हसल्या. बोट ठेवलं आणि ओढलं. पुक्.

पुढचं जे झालं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी ठरवलंही नसावं. पात संपली की बाई काय करते? उठते. कंबर सरळ करते. आत्याबाईंनी टॅब बाजूला ठेवला, पाय खाटेखाली सोडले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि "चाल व गिरजे, झालं" म्हणत उभ्या राहिल्या.

उभ्या! वॉकर कोपऱ्यात, आणि माझ्या आत्याबाई खाटेपाशी उभ्या, कमरेवर हात ठेवून. मला धरायलाही सुचलं नाही. त्यांचं त्यांनाच मग लक्षात आलं आणि म्हणाल्या, "अवं बाप्पा, मी उभी हावो का?" मी जाऊन मिठीच मारली. दोघीही डगमगलो, पण पडलो नाही. फोनवरून शोभा ओरडत होती, "वयनी, माय हसून राह्यली! अर्ध्याच तोंडानं, पण हसून राह्यली!"

त्यानंतर त्या गेममध्ये तसं पुन्हा कधी झालं नाही. मी नवीन तुकडे उघडून पाहिले, अर्धी बाजू मुद्दाम सोडून पाहिली. तण जसंच्या तसं. टॅब अजून पूर्ण चांगला चालतो. माझ्या लाइनीतल्या दोघांना मी नाव न सांगता विचारलं, एकाने सॉफ्टवेअर म्हटलं, दुसऱ्याने माझ्या चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. गिरजाबाईंच्या डॉक्टरांनी सांगितलं की लकव्यात असं होतं, हात कपडे ओढत राहतो. असेल. पण तो हात घोळ कशी सोडतो, हे मी त्या डॉक्टरांना विचारायला गेले नाही. मी आजही भूत मानत नाही. आणि मानलं तरी काय, गिरजाबाई चांगल्या जिवंत आहेत! तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर खुशाल लिहा, मात्र आत्मा-बित्मा सांगू नका.

आत्याबाई वॉकरवरून काठीवर आल्या. संक्रांत झाल्यावर आम्ही गाडी करून त्यांना फुलसावंगीला भेटायला नेलं. फाटकापासून खाटेपर्यंत कोणाचा हात न धरता गेल्या आणि गिरजाबाईंपाशी बसल्या. मला वाटलं रडतील. तर म्हणतात, "मले उठवलं न सोता पडून राह्यली काय व?" गिरजाबाईंनी डाव्या हाताने त्यांच्या मांडीवर एक चापट मारली. मग दोघी बराच वेळ एकमेकींचा हात धरून बसल्या. शोभा आणि मी पदराला डोळे पुसत चहा करायला गेलो.

निघायची वेळ झाली तर आत्याबाई उठेनात.

"तू जाय. मी राह्यतो इथं."

"अहो, राहता काय? औषधं, तेल, तुमचं पथ्य..."

"पिशवीत हाय सारं. येतानाच घेतलं." म्हणजे ठरवूनच आल्या होत्या! वॉकरही हट्टाने डिकीत का टाकायला लावला ते मला तेव्हा कळलं. तो त्यांनी गिरजाबाईंच्या खाटेपाशी नेऊन उभा केला.

याला आता बरेच दिवस झाले. काल मी फोन केला. म्हटलं, आत्याबाई, घर खायला उठतं, केव्हा येता?

"काम अर्धं टाकून येऊ का? झालं की येतो."

मागून कोणीतरी बोबडं, अडखळत काहीतरी म्हणालं. आणि आत्याबाई माझ्याशी बोलायचं सोडून तिकडे खेकसल्या, "तू पडत नाई व, मी धरलं ना! उचल पाय!"